क्लबातलं गाऱ्हाणं

माझा भाऊ हर्षद स्टेजवर फार चांगला आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे मी त्याच्याबद्दल जे सांगणार आहे ते ऐकून कोणी म्हणेल, बाई जळते आहे. मी जळत नाही. घरी हा प्राणी स्वतःचं ताट उचलून मोरीत ठेवत नाही, दारात कुरिअरवाला आला तर मलाच पुढे करतो. पण गळ्यात गिटार आली की त्याला काय होतं देव जाणे. आवाज बेंबीच्या देठापासून निघतो आणि समोर उभ्या असलेल्या प्रत्येकाला तो आपला जवळचा मित्र वाटायला लागतो. माझा तर तो सख्खा भाऊ होता.

त्याच्या बँडचं नाव 'बी विंग'. मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीच्या बी विंगमध्ये तो सुरू झाला म्हणून. ड्रमवर तिसऱ्या मजल्यावरचा प्रबुद्ध, बेस गिटारवर त्याच्या कॉलेजातली रेवती, आणि गाणं-गिटार आमचे चिरंजीव. गच्चीवर सराव सुरू झाला की सेक्रेटरी धापा टाकत वर यायचे आणि टाकीला तडे जातील म्हणून ओरडायचे. कित्येक वर्षं या तिघांनी कोणाच्या हळदीत, कुठल्या मॉलच्या उद्घाटनाला, कॉलेजच्या फेस्टिव्हलला सकाळच्या उन्हात रिकाम्या खुर्च्यांसमोर वाजवलं. त्यातली एखादी खुर्ची भरलेली असेल तर तिच्यात मी असायचे.

मग अंधेरीच्या एका छोट्या क्लबात त्यांना रविवारचा शो मिळाला. हर्षद माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

"ताई, रविवारी यायचं हां. नवीन गाणं आहे. तू पाहिजेसच."

"कसलं गाणं?"

"सरप्राइज आहे ना यार. आणि बाबांना पण घेऊन ये."

"बाबांना? क्लबात?"

"ते हो बोललेत ऑलरेडी."

मला आश्चर्य वाटलं, पण बरंही वाटलं. आमच्या बाबांनी आयुष्यभर गिरणीचा खडखडाट ऐकला, आणि गिरणी बंद झाल्यावर एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगच्या यंत्रांचा. त्यामुळे घरात त्यांना शांतता लागते. हर्षदच्या गिटारला ते 'ती खटखट' म्हणत. तोच माणूस आता मुलाचा शो बघायला अंधेरीला येणार म्हणजे बापलेकांमध्ये काहीतरी जुळलं असणार, असं मी धरून चालले. आईने मात्र "माझे गुडघे आणि तुमचा दणदणाट, दोन्ही एकदम नको" म्हणून हात झटकले.

जास्तीचा शहाणपणा मीच केला आणि ऑफिसातल्या गंधालीला बरोबर बोलावलं. हे ऑफिस माझं नवं होतं. दोन वर्षांपूर्वी सुशांतशी झालेलं लग्न मोडून मी डोंबिवलीहून माहेरी परत आले, तेव्हा जुन्या नोकरीत शिपायापासून साहेबापर्यंत सगळे मला बघून मान तिरकी करायला लागले. अरेरे, अशी ती मान. म्हणून मी नोकरी बदलली. नव्या ठिकाणी मी फक्त श्रुतिका परब होते. कामात चोख, तोंडाने फटकळ, डब्यात बांगडा आणून एसीची वाट लावणारी. हा चेहरा मी कष्टाने कमावला होता आणि मला तो जपायचा होता. आत काय काय मोडलं होतं ते फक्त घरातल्या तिघांना माहीत होतं, आणि त्या तिघांची मला कधी भीती वाटली नाही.

क्लब म्हणजे जुन्या औद्योगिक वसाहतीतला एक माळा. खाली गाड्यांना रंग मारायचं गॅरेज, त्या वासातून लोखंडी जिना चढून वर गेलं की काळ्या भिंती, बसकं छप्पर आणि पाय ठेवायला जागा नाही इतकी पोरं. शो संध्याकाळी सहाचा होता, कारण नंतरची वेळ कोण्या नावाजलेल्या गायकाची होती. बाबा लग्नकार्याला घालतात तो पांढरा शर्ट इस्त्री करून घालून आले होते. दारावरच्या मुलीने त्यांच्या मनगटावर शिक्का मारला तेव्हा म्हणाले, "हय मतदान आसा काय गो?" ती मुलगी हसली, गंधाली हसली, मीही हसले. बाबांच्या खांद्याला एक कापडी पिशवी होती. गंधाली म्हणाली, "काका, द्या ना, मी धरते." त्यांनी पिशवी पोटाशी घेतली. पाण्याची बाटली आणि बीपीची गोळी असेल, असं मला वाटलं. त्यांना भिंतीजवळ एका उंच स्टुलावर बसवून आम्ही दोघी पुढे घुसलो.

आणि 'बी विंग' वाजायला लागला.

काय वाजवलं म्हणून सांगू! प्रबुद्धने पहिली थाप मारली ती थेट बरगड्यांत बसली. पायाखालची फरशी थरथरत होती. रेवती अनवाणी उभी होती, चेहऱ्यावरची रेषही हलू न देता असं काही वाजवत होती की बघणाऱ्याचे गुडघे आपोआप वाकावेत. पहिलं गाणं आमच्या सोसायटीच्या कायम बंद असलेल्या लिफ्टवर होतं. दुसरं, नाहूरला राहून सगळ्यांना 'मुलुंड' सांगणाऱ्या मुलीवर. त्यावर मागून एक मुलगी "ए, माझ्यावर आहे हे!" म्हणून किंचाळली आणि अख्खा हॉल हशाने फुटला. मध्येच हर्षदच्या गिटारची तार तुटली. एरवी हा घरी बटण तुटलं तरी हाक मारतो. इथे त्याने गिटार रेवतीच्या हातात दिली, टाळ्यांवर ठेका धरला आणि तार बदलून होईपर्यंत त्या पोरांकडून नुसत्या टाळ्यांवर कडवं म्हणवून घेतलं. घामाने त्याचा शर्ट अंगाला चिकटला होता. मी नाचत होते. लग्नानंतर मी इतकी मोकळी कधी नाचले नव्हते.

"अगं, हा तुझा भाऊ? सख्खा?" गंधाली माझ्या कानात ओरडली. "कसला भारी आहे यार!"

"सख्खा!" मी ओरडले.

मग हर्षदने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"आता नवीन गाणं," तो म्हणाला. "त्याच्या आधी तुम्हाला काहीतरी शिकवायचंय. आमच्याकडे कोकणात गाऱ्हाणं घालतात. म्हणजे काय, देवासमोर नारळ ठेवायचा आणि घरातल्या मोठ्या माणसाने देवाला डायरेक्ट सांगायचं, बाबा रे, असा असा प्रॉब्लेम आहे. आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला काय बोलायचं? व्हय म्हाराजा! गळा फाडून बोलायचं. चला. बा देवा म्हाराजा, आमच्या लिंक रोडचं खोदकाम एकदाचं संपू दे!"

"व्हय म्हाराजा!"

"बॉसला बुद्धी दे!"

"व्हय म्हाराजा!"

मीसुद्धा ओरडले. का नाही ओरडणार? हे आमचं होतं. आमचे बाबा सोसायटीचे ठरलेले गाऱ्हाणंवाले आहेत. गणपती असो, सत्यनारायण असो, शहांची नवी गाडी असो, परबकाकांना बोलावणं येतं. देवाला साक्षीदारांशिवाय काही पटत नाही, असा आमच्या लोकांचा समज असावा. म्हणून एकाने सांगायचं आणि बाकीच्यांनी दुजोरा द्यायचा. शहांच्या गाडीला मागून कोणी ठोकू नये इथपासून शहांच्या पोराने ती हळू चालवावी इथपर्यंत बाबा सगळं देवाच्या कानावर घालतात.

"पण खरं गाऱ्हाणं मला नाही येत," हर्षद म्हणाला. "ते ज्यांना येतं ते आज इथे आलेत. आमचे बाबा!"

हॉलमध्ये आरडाओरडा झाला. पोरांनी वाट करून दिली. बाबा स्टेजपाशी आले, बूट काढून बाजूला नीट जोडून ठेवले आणि मोज्यांवर वर चढले. पिशवीतून त्यांनी नारळ काढला आणि ड्रमसमोर, शेंडी वर करून, फरशीवर ठेवला. प्रबुद्धने माईक खाली घेऊन त्यांच्या तोंडाशी आणला. बाबांनी डोळे मिटले, हात जोडले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, इतके ते मला गोड दिसले.

"बा देवा म्हाराजा," बाबांचा तो खणखणीत आवाज माईकवर दुप्पट झाला होता. "आज अंधेरीच्या ह्या जाग्यार तुझी ही लेकरा जमली हत."

"व्हय म्हाराजा!" आणि त्यावर ड्रमची एक थाप.

"ह्येंचा वाजाप गोड मानून घे."

"व्हय म्हाराजा!" थाप.

बाबा थांबले. हर्षदने त्यांच्या कोपराला हलकासा स्पर्श केला.

"आणि म्हाराजा, माझ्या घरात एक चेडू आसा. तेचो संसार मोडलो."

"व्हय म्हाराजा!" लिंक रोडला ओरडले होते तसेच ओरडले. थाप पडली.

चेडू म्हणजे मुलगी. घरात मुलगी एकच आहे.

हे वाक्य मी आधी एकदा ऐकलं होतं. डोंबिवलीहून परत आल्यानंतरच्या एका सोमवारी सकाळी बाबांनी घराची दारं-खिडक्या लावून घेतल्या, पंखा मोठा केला, आणि आम्हा तिघांना स्वयंपाकघरात देव्हाऱ्यासमोर उभं केलं. शेजाऱ्यांना जाऊ नये म्हणून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात गाऱ्हाणं घातलं. म्हणाले, देवा, माझं चेडू मोरीत नळ सोडून रडतं. आम्हाला ऐकू येतं, आम्ही ऐकलं नाही असं दाखवतो. त्याला झोप दे, त्याचं जे वाकडं झालंय ते सरळ कर. मला तोपर्यंत वाटत होतं की नळाच्या आवाजात माझं रडणं कोणालाच ऐकू जात नाही. ऐकून जमीन दुभंगावी असं झालं, आणि लगेच अंगातून मणभर ओझं उतरलं. आई आणि हर्षद "व्हय म्हाराजा" म्हणाले तेही दबक्या आवाजात. हर्षदच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याने माझं मनगट घट्ट धरलं होतं. त्या दुपारी मी कित्येक आठवड्यांनी झोपले. नंतर घरात कोणी त्या गोष्टीचा उच्चार केला नाही, मीही केला नाही. मला वाटलं, आमच्या घरात माया अशीच करतात.

"चेडू माझा," बाबा माईकमध्ये म्हणाले, "मोरयेत नळ सोडून रडता."

ह्या वाक्याला 'व्हय म्हाराजा' आलंच नाही. मग पुढून कोणीतरी फिस्सकन हसलं. त्याचं बघून शेजारचा हसला आणि हसू मागच्या भिंतीपर्यंत गेलं. बाबांनी डोळे उघडले. समोर बघितलं, मग हर्षदकडे. मला वाटलं, आता थांबतील. मी पुढे सरकायला लागले होते, त्यांना हात धरून खाली आणायला. पण बाबांनी पुन्हा डोळे मिटले आणि तेच वाक्य आणखी मोठ्याने, लांबवून म्हटलं.

"नळ सोडून रडता रे म्हाराजा! आमका आयकाक येता, आमी आयकूक नाय असा दाखयतव!"

"व्हय म्हाराजा!"

"त्या माझ्या श्रुतिकाच्या नावान ह्यो नारळ ठेवलंय. तेचा सगळा वाकडा सरळ कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गंधालीचा हात हवेत होता, तो तसाच खाली आला. तिने माझ्याकडे बघितलं आणि पटकन दुसरीकडे बघितलं.

आणि मग गाणं सुटलं. हर्षदने असा काही सूर लावला की छताला लागला.

"नळ सोडून रडते पोरगी, बी विंगची टाकी खाली! सेक्रेटरीची झोप उडाली, टँकरवाल्याची दिवाळी!"

"व्हय म्हाराजा!"

माझ्या रडण्याचा त्याने पाणीटंचाईवरचा विनोद केला होता. पोरं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उड्या मारत होती. फोन वर झाले होते. आणि सगळ्यात संताप कशाचा आला सांगू? गाणं चांगलं होतं. त्यांच्या सगळ्या गाण्यांत चांगलं. चाल अशी, की माझाही पाय हलायला गेला आणि मी तो दाबून धरला. बाबा स्टेजच्या कडेला हात जोडून उभे होते आणि प्रत्येक "व्हय म्हाराजा"ला मान डोलावत होते.

गाणं संपलं तेव्हा गंधालीने माझ्या दंडावर हात ठेवला. तिची मान किंचित तिरकी झाली होती.

"तू ठीक आहेस ना?" ती म्हणाली. "मी ऑफिसमध्ये कोणाला नाही सांगणार हं."

बिचारीचं काही चुकलं नव्हतं. पण मघापर्यंत सांगण्यासारखं काही नव्हतंच. ती लवकर निघून गेली, निघताना मला मिठी मारली, जशी आजाऱ्याला मारतात.

शो संपल्यावर घामाने निथळत प्रबुद्ध माझ्याकडे आला. "काय ताई, कसं वाटलं? मी तर टेन्शनमध्ये होतो. पण हर्षद बोलला, तू ऐकलंयस आधी, तू हो बोललीस."

माझ्या तोंडाकडे बघून त्याला समजलं. "मायला," तो म्हणाला आणि हर्षदला शोधायला मागे वळला. त्याच्या आधी मीच निघाले.

हर्षद खाली गॅरेजजवळ सापडला. सहा-सात पोरांच्या घोळक्यात फोटो काढत होता. मला बघून हसत पुढे आला, मग हसू आवरलं.

"ताई, ऐक ना. नाव नव्हतं घ्यायचं. ठरलंच नव्हतं. बाबा फ्लोमध्ये बोलून गेले."

"नळ ठरला होता ना?"

त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं.

"प्रबुद्धला सांगितलंस, मला विचारलंय म्हणून."

"तू नाही बोलली असतीस."

"म्हणून विचारलं नाहीस."

"यार ताई, दोन वर्षं झाली त्याला. तू आता मस्त आहेस. आत नाचत होतीस, मी बघितलं ना वरून. आणि लोकांना कसलं भिडलं ते! बघितलंस ना?"

"हसत होते लोक, हर्षद."

"हसले म्हणजेच भिडलं ना."

त्याला खरंच तसं वाटत होतं. तो खोटं बोलत असता तर मी कानाखाली तरी दिली असती.

"त्या दिवशी माझं मनगट धरलं होतंस," मी म्हणाले. "तेव्हा रडत होतास की चाल लावत होतास?"

त्याचा चेहरा पडला. "असं नको ना बोलूस." पुढे काही बोलणार होता, तेवढ्यात जिन्यावरून कोणी एक इसम "हर्षद, पुण्याच्या फेस्टिव्हलचं बोलायचं होतं" म्हणत उतरला. हर्षदने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे.

"दोन मिनिटं, ताई," तो म्हणाला आणि गेला.

मी दोन मिनिटं थांबले नाही. बाबा गॅरेजच्या कठड्यावर बसून फोडलेल्या नारळाचे तुकडे वाटत होते. जीन्स फाटलेली पोरं ओंजळ पुढे करून प्रसाद घेत होती, एकीने तर त्यांच्या पायांना हात लावला. ते बघून माझा सगळा राग हर्षदवर एकवटला. ह्या भोळ्या माणसाला त्याने फसवून आणलं होतं. बाबांना वाटत असणार की एवढ्या माणसांनी आपल्या मुलीसाठी देवाला साकडं घातलं. कुटुंबातल्या तिघांसमोर हळूच म्हटलेलं जे फळलं नाही ते एवढ्या जणांच्या तोंडून फळेल, अशा भाबड्या हिशेबाने ते वर चढले असणार. तो समज आपण मोडायचा नाही, असं मी ठरवलं. माझं जे व्हायचं ते झालं होतं, निदान त्यांना तरी ते हसणं कळू नये.

मुलुंडपर्यंत रिक्षा केली. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडला नेहमीसारखी गर्दी होती. पवईपर्यंत बाबा खुशीत बाहेर बघत बसले होते. मग म्हणाले, "आवाडला मां तुका?"

"छान झालं, बाबा."

"माणसा कितकी होती! एका आवाजात व्हय म्हणत होती."

"हो," मी म्हणाले. "मनापासून म्हणत होते सगळे."

बाबा हसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मनापासून कसली? हसत होती ती."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "तुम्हाला कळलं?"

"माका काय कान नाय? पुढे तो दाढयेवालो उभो होतो, तो तर पोट धरून हसत होतो."

"मग परत का म्हणालात? थांबला का नाहीत?"

बाबांनी पिशवीची घडी घातली, ती उलगडली, पुन्हा घातली. "हर्षदान खूण केल्यान. परत म्हणा म्हणून." मग म्हणाले, "पोरगो कितकी वर्सा वाजयता. कोण आयकना नाय तेचा. आज पयल्यांदा माणसा हालली. थय थांबान चलला नसता. तेचा गाणा थयच मेला असता."

"आणि माझं काय, बाबा?"

"तुझा काय गो," ते म्हणाले. मी जेवत नव्हते तेव्हा ज्या आवाजात दोन घास खा म्हणायचे त्याच आवाजात म्हणाले. "तुझा जा काय मोडाचा होता ता मोडान गेला. हर्षदाचा अजून उभा रवाचा आसा."

रिक्षावाल्याने आरशातून मागे बघितलं आणि नजर काढून घेतली.

"नाव तरी कशाला घेतलंत? हर्षद म्हणत होता, नाव घ्यायचं ठरलं नव्हतं."

"नाव घेतल्याशिवाय गाऱ्हाना पोचना नाय," बाबा म्हणाले. मला एवढंही कळू नये याचं त्यांना नवल वाटलेलं दिसलं. "माणसा हसली तरी देवान आयकला मां? मी म्हटलंय, दोगांचा काम एकाच नारळात होयत."

म्हणजे त्यांना कोणी फसवलं नव्हतं. मी एकटीच फसले होते, तेही घरच्यांकडून. हर्षदने मला बाहेर ठेवलं आणि बाबांना सगळं ठाऊक होतं. मी ऑफिसला गेल्यावर दोघांनी मिळून ठरवलं असणार, कुठे थांबायचं, कुठे लांबवायचं, माझ्या रडण्याला कितव्या थापेवर आणायचं. सुशांतने मला फसवलं तेव्हा परत यायला हे घर होतं. आता फसले तर कुठे जायचं, हे मला सुचेना. मी रडले नाही. रडायला लागले असते तर ते बाबांना गाण्यातलं, ओळखीचं वाटलं असतं.

कांजूरच्या सिग्नलला रिक्षा थांबली.

"बाबा," मी म्हणाले, "यापुढे माझ्या नावाने देवाला काही सांगायचं नाही. गणपतीत नाही, घरात नाही, कुठेच नाही."

"असा कसा?" ते दचकले. अंधेरीपासून पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "घरातल्या सगळ्यांची नावा घेवची लागतत. एखादा गाळला तर देव इचारता, ह्या खय गेला."

"मग मला घरातली धरू नका."

सिग्नल सुटला, मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. बाबांनी काही बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. सगळ्यांचं सगळं देवाच्या कानावर घालणाऱ्या माझ्या वडिलांना शब्द सापडत नाहीत असं मी पहिल्यांदाच बघत होते. मी रस्त्याकडे तोंड केलं आणि त्यांना ते शोधू दिले.